खेकड्यांना घातलेला भात

माझ्या हातनं जीव गेले, आन् ते बी वर्षावासात. हे आधीच सांगून टाकते, म्हंजी मागनं कुनी म्हनायला नको की भागिरथी गोड गोड बोलून सोताला वाचवती. आषाढी पुनवेला विहारात समद्यांच्या म्होरं उभी राहून म्या सांगितलं हुतं, आश्विन पुनवेपोतर मटन-मासळी बंद, कुठल्या जिवाला हात लावनार न्हाई. आन् महिना सरला न्हाई तवर मी गुडघाभर वढ्यात उभी हुते, लुगडं खोचून, दगडाखाली हात घालून खेकडं चाचपीत.

कारन माझी भाची, यशोधरा. थोरल्या भावाची, रंभाजीची पोरगी. संगमनेरला कॉलेजात ऱ्हाती आन् खेकड्यांवर पीएचडी करती. पैल्यांदा ऐकलं तवा मला वाटलं, कालवनाची काय नवी तऱ्हा काढती का काय! तसं आसतं तर पोरीला कॉलेजात कशाला धाडायचं, माझ्या चुलीपाशीच बसवली आसती. माझ्या हातचं खेकड्याचं कालवन खाल्लेली मानसं अजून नाव काढत्यात. पर तिचं काम येगळंच. खेकड्याच्या मेंदूत काय चालतं ते ती बघती. मेंदू म्हंजी केवढा? मोहरीएवढा. दोन डोळ्यांच्या मागं.

"त्या मोहरीत काय बघायचं गं?" म्या इचारलं.

ती म्हनली, "आत्या, जिवाच्या कणाकणात सगळी कामं लिहिलेली असतात. त्यांना जनुकं म्हणतात. पण सगळी एकाच वेळी चालू नसतात. जिवाला त्रास झाला की त्रासाची जनुकं जोरात चालायला लागतात. ती किती जोरात चालली आहेत, तेवढं मी मोजते."

"म्हंजी घरात भांडी समदी आसत्यात, पर पावनं आलं की मोठं पातेलं निघतं, तसं?"

"अगदी तसं," ती हसली. "मी फक्त चुलीवर कुठलं पातेलं आहे ते बघते. त्यावरून घरात कोण आलंय ते कळतं."

मला लई बरं वाटलं. आमच्या घरात कुनी डॉक्टर झालं नव्हतं, औषिधाचं न्हाई आन् खेकड्याचं बी न्हाई.

आता ह्यात गावाचं काय, ते सांगते. आमच्या वरच्या माळावर पुठ्ठ्याचा कारखाना झाला. तवापासनं वढ्याला फेस येतो आन् पानी चहावानी दिसतं. साळूबाईची इहीर वढ्याच्या काठाला. तिच्या हाताची सालपटं निघत्यात, नातीच्या अंगावर चट्टे उठल्यात. टाकीचं पानी तिच्या वस्तीवर पोचत न्हाई, ती बिचारी दुसरं पिनार काय? तपासनीवाले आले, बाटल्या भरून घिऊन गेले. पानी चांगलं निघालं. निघनारच की! तपासायला यायचं कळलं की कारखान्याचा पाईप बंद. गेली माघारी मानसं की पुन्ना चालू.

आमच्या सरपंचबाई विजयमालाताई लई खमक्या. त्या यशोधरेच्या कॉलेजात जाऊन बसल्या. तवा यशोधरेनंच त्यास्नी सांगितलं, "ताई, पाणी वाहून जातं, पण खेकडा तिथंच राहतो. त्याच्या अंगावरून रोज काय गेलं ते त्याच्या मेंदूत दिसेल. धरणाच्या वरची, चांगल्या पाण्यातली खेकडी आणि तुमच्या ओढ्यातली खेकडी, दोन्ही तपासते." गाव खुश झालं. आपल्या भाचीचं नाव सरपंचाच्या तोंडी, मग मी काय जमिनीवर चालते व्हय!

धरनाच्या वरची खेकडं तिनं कॉलेजातल्या तिच्या सरांबरूबर जाऊन सोता धरली. आमच्या वढ्यातली धरायला बी ती सोताच येनार हुती. बरफाचा डबा घिऊन. खेकडा धरला की तिथंच काठावर बरफात घालायचा, म्हंजी तो सुन्न हुतो आन् मेंदूतलं चाललेलं काम हाय तिथंच थांबतं. येळ गेला की हिशेब बिघडतो. हे तिनं मला चांगलं समजावून सांगितलं हुतं. मला कळलं नव्हतं आसं मी म्हननार न्हाई.

पर त्या दिवशी तिचा फोन आला. तिच्या मैत्रिनीचा, धनश्रीचा, शिर्डीला साखरपुडा हुता. "आत्या, आज तूच धर ना. ओढ्याचंच पाणी घालून टिपाडात ठेव. मी उद्या सकाळी येऊन बर्फात घालते. एका रात्रीनं काय होतंय?"

म्या म्हनलं, "अगं बया, माझा वर्षावास चाललाय! मी कशी धरू?"

"आत्या, पाऊस उघडला की खेकडी बिळात जातात. मग पुढच्या वर्षापर्यंत काही नाही. माझ्यासाठी नाही तर साळूमावशीसाठी कर."

साळूबाईचं नाव घेतलं की झालं. पर खरं सांगू? मी साळूबाईसाठी न्हाई केलं. मी यशोधरेसाठी केलं. तिनं मागितलं आन् मी नको म्हनले, आसं ती चालायला लागल्यापासनं कधी झालंच न्हाई.

गेले वढ्यात. हात काय इसरत्यात व्हय? दगुड उचलला की खाली खेकडा, मागनं धरायचा, नांग्या वर करून टिपाडात टाकायचा. टिपाड भरलं. वढ्याचं पानी घातलं, सांगितलं हुतं तसं. घरी आनलं आन् परसात ठिवलं.

आन् मंग मला बघवना. त्या फेसाळ पान्यात ती एकमेकांवर चढत हुती, काठाला नांग्या लावत हुती, घसरून पुन्ना खाली पडत हुती. उद्या ह्यास्नी मारनार. म्याच आनल्यात मरायला. आजवर शेकड्यानं खेकडं ठेचून पाट्यावर वाटली, रस काढला, तवा काय वाटलं न्हाई. पर आता तोंडानं कबूल केलेलं हुतं ना! संध्याकाळी विहारात वाचन चाललं हुतं आन् माझं ध्यान समदं परसात. कशाला आले मी हितं, आसं झालं.

घरी आले आन् टिपाडातलं घान पानी वतून दिलं. हापशाचं गार पानी भरलं. मूठभर भात शिजवला, निववला, त्यास्नी घातला. नांगीनं एकेक शीत उचलून खात हुती, लेकरावानी. म्या म्हनलं, बाबांनो, मला माफ करा, पर उपाशी तरी न्हाई धाडत तुमास्नी. पुन्ना एकदा पानी बदललं. खेकडं निवांत झाली. मी बी झाले. आपलं काई तरी फिटलं आसं वाटलं मला.

सकाळी यशोधरा आली, बरफात खेकडं घातली, डबा घिऊन गेली. मी भाताचं बोलले न्हाई. लाज वाटली. शिकलेल्या पोरीला काय सांगायचं, तुझ्या खेकड्यांना जेवू घातलं म्हनून? पानी मातूर नितळ दिसत हुतं, तिनं बघितलं आसतं तर तिलाच कळलं आसतं. पर साखरपुड्याची जागी, डोळं चोळत आलेली पोर ती. तिनं टिपाडाकडं बघितलंच न्हाई.

पुढं नवरात्राच्या आधी ती आली ती तोंड पाडून.

"आत्या, पुण्याच्या प्रयोगशाळेतून निकाल आला. काहीच नाही. वरच्या खेकड्यांत आणि तुमच्या ओढ्यातल्या खेकड्यांत काहीच फरक नाही. त्रासाची जनुकं शांत आहेत. म्हणजे पाण्यानं काही होत नाही, असाच अर्थ निघतो. अहवाल सरांनी ग्रामपंचायतीला पाठवला पण."

आन् ह्या भागिरथीचं डोकं बघा! मला आनंद झाला. खरंच झाला. म्या म्हनलं, "बरंच की गं! म्हंजी मरताना त्यास्नी तरास नव्हता. चला, माझी सेवा कामाला आली."

"कसली सेवा?"

मंग सांगितलं. हापशाचं पानी, भात, समदं. हसत हसत सांगितलं मी, आन् सांगता सांगता तिचं तोंड बघून माझं हसू गेलं. ती पायरीवर मटकन बसली.

"आत्या, रात्रभर?"

"व्हय."

"रात्रभर चांगल्या पाण्यात, पोटभर जेवण." ती सोताशीच बोलल्यावानी बोलली. "पाहुणे गेले, पातेलं उतरलं, भांडी घासून झाली, आणि मग मी बघायला गेले की घरात कोण आलं होतं."

मला पान्यात बुडाल्यावानी झालं. म्हंजी माझ्या मायेनं कारखाना सुटला! साळूबाईची नात त्येच पानी पिनार आन् कागद म्हननार, खुशाल पी.

"मंग जाऊन सांग की तुझ्या सरास्नी! चुकलं म्हनावं आत्याचं."

ती माझ्याकडं बघीना. "सरांना मी सांगितलंय की मी स्वतः ओढ्यावर होते. स्वतः तिथंच बर्फात घातली, असं लिहून दिलंय. आता खरं सांगितलं तर माझं सगळंच काम खोटं धरतील. आधीच्या वर्षांचं पण. आत्या, कुणाला बोलू नकोस. तुझ्या पाया पडते."

आन् ती खरंच वाकली. माझ्या पायावर डोकं! म्या तिला उठवली आन् म्हनलं, "न्हाई बोलत." आशी मी. यशोधरेनं मागितलं आन् मी दिलं.

त्यानंतर माझं काय झालं ते मलाच ठावं. साळूबाई रोज म्हनायची, "भागे, तुझ्या भाचीचा कागद आला म्हनत्यात, काय लिवलंय गं?" मी म्हनायची, मला काय वाचता येतंय? आन् ती आपल्या सोललेल्या हातानं माझ्या हातावर टाळी द्यायची, म्हनायची, "लई गुनाची पोर. आपल्यासाठी कोन करतं एवढं!" एकदा तिच्या नातीनं माझ्याकडं पानी मागितलं. दिलं. तिनं घटाघटा पिलं आन् आनखी मागितलं. मी आत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. असलं कसलं माझं काळीज, जे खेकड्यासाठी पाझरलं आन् ह्या लेकरासाठी गप बसलं?

दोन आक्टोबरला ग्रामसभा भरली. शाळेच्या पटांगनात मांडव घातला हुता. सरपंचबाईंनी यशोधरेला बोलावून घेतलं हुतं, ती पुढच्या खुर्चीवर मान खाली घालून. कारखान्याचा म्यानेजर बी आला हुता, पांढऱ्या कापडात, चापूनचोपून. विजयमालाताईंनी कागद वाचला. वाचताना त्यांचा आवाज बसत गेला. त्यास्नी बी पटत नव्हतं, पर कागद त्यांनीच मागवला हुता ना.

म्यानेजर उठला. "आम्ही काय वेगळं सांगत होतो? आता तर तुमच्या खेकड्यांनीच सांगितलं." मानसं हसली न्हाईत. साळूबाई माझ्या शेजारी बसली हुती. ती हळूच म्हनली, "मंग माझ्या हाताला काय झालंय गं, भागे?"

बस्स. त्या एका बोलानं मी उठले. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं.

"ताई, तो कागद खोटा हाय. खेकडं म्या नासवली. यशोधरेनं त्यास्नी वढ्यावर बरफात घातली हुती. ती गेल्यावर म्या बरफातनं काढली आन् हापशाच्या पान्यात ठिवली. भात घातला. मला दया आली. तिला ह्यातलं काईच ठावं न्हाई."

एक खरं सांगायला उठले आन् त्यात एक खोटं घुसडलं. वाटलं, दोन्ही वाचतील. गाव बी आन् पोर बी.

मांडवात कलकलाट झाला. कुनी म्हनलं, म्हातारीचं डोकं फिरलंय. साळूबाई माझ्यापासनं हातभर सरकली. आन् तो म्यानेजर, त्याचं डोकं मातूर लई चालतं. त्यानं सावकाश इचारलं, "मावशी, मॅडमनी खेकडी बर्फात घातली आणि डबा सोबत नेला, असं इथं लिहिलंय. डबा संगमनेरला, मग तुम्ही खेकडी काढली कुठून? का कागद गावाच्या विरोधात गेला म्हणून कुणी शिकवलंय तुम्हाला?"

मी तशीच उभी. समदं गाव माझ्याकडं बघतंय, मी लबाड ठरलेली, आन् कागद आनखीच खरा झालेला. बसावं का उभं ऱ्हावं तेबी कळंना. म्या यशोधरेकडं बघितलं. बघायचं नव्हतं, पर बघितलं. मनात आलं, बोल गं बाई. आन् लगेच आलं, नको बोलू, बस गप, माझं काय जातंय, मी मेले तरी चालंल.

ती उठली.

"बस खाली!" म्या वरडले. खरंच वरडले, भर सभेत.

ती बसली न्हाई. "आत्या माझ्यासाठी खोटं बोलतेय," ती म्हनली. "मी त्या दिवशी ओढ्यावर आलेच नव्हते. मी शिर्डीला होते. खेकडी आत्यानं धरली, रात्रभर तिच्या घरी होती, आणि मी दुसऱ्या दिवशी नेली. ओढ्यावर बर्फात घातली हे मी खोटं लिहिलं. हा अहवाल धरू नका. माझ्या सरांना मी आजच सांगते."

कुनी टाळ्या वाजवल्या न्हाईत. कशाला वाजवतील? एक जन म्हनला, "शिकून हेच दिवं लावलं व्हय!" विजयमालाताईंनी कागद घडी करून बाजूला ठिवला. मंग ठराव झाला, की पुन्ना तपासनी करायची, ह्या बारीला दुसऱ्या कॉलेजाची मानसं बी आनायची, आन् खेकडं धरायची ती पंचांच्या डोळ्यादेखत, तिथल्या तिथं बरफात. साळूबाई जाताना माझ्याशी बोलली न्हाई. अजून बोलत न्हाई.

घरी जाताना आमी दोघी वढ्याच्या कडंनं चाललो.

"सर काय म्हनतील?"

"माहीत नाही. काढून टाकतील कदाचित."

"माझ्यामुळं."

"माझ्यामुळं, आत्या."

"दोघींमुळं. वाटून घिऊ," म्या म्हनलं. लोक म्हनत्यात खरं बोललं की मन हलकं हुतं. कुठं हुतंय? माझं तर जड झालं. ती पुढची तपासनी डोक्यात घुमत हुती. "आता किती लागतील?"

"आधी लागली त्याच्या दुप्पट तरी. एकदा चुकल्यावर कुणी थोडक्यात विश्वास ठेवत नाही."

"आन् आधीची ती? ती कशासाठी मेली म्हनायची?"

ती थांबली. मला वाटलं आता काई तरी शिकलेलं बोलंल, चुकीतनं बी काई कळतं वगैरे. तसं बोलली आसती तर एक कानाखाली दिली आसती मी तिच्या.

"कशासाठीच नाही, आत्या. फुकट मेली."

सभेत गाव बोललं तवा माझ्या डोळ्यात टिपूस आलं नव्हतं. तिथं आलं.

त्या साली पाऊस लांबला, म्हनून खेकडं अजून बिळात गेली नव्हती. तपासनीच्या आदल्या दिवशी विहारात जाऊन म्या समद्यांना सांगितलं, माझा नेम मोडलाय, आन् उद्या बी मोडनार हाय. सकाळी वढ्याच्या काठावर पंच, दुसऱ्या कॉलेजाचे दोन सर, सरपंचबाई, बरफाचा डबा. यशोधरेला सरांनी काढून टाकलं नव्हतं, पर तिचं काम थांबवलं हुतं. ती नुसती बघायला आली हुती, काठावर, चपला घालून.

"चपला काढ," म्या म्हनलं. "खाली ये."

"आत्या, मला आता हात लावायची परवानगी—"

"मेंदूला नको लावू. खेकड्याला लाव. मी दगुड उचलते, हात तू घाल."

सरांनी एकमेकांकडं बघितलं आन् मान हलवली. यशोधरा उतरली. पान्याच्या वासानं तिनं नाक दाबलं. म्या दगुड उचलला आन् तिनं हात घातला. नांगी तिच्या बोटात रुतली, रगत आलं, पर तिनं सोडला न्हाई. तशीच काठापोतर गेली आन् त्याला बरफात ठिवला. तो पाय आखडून घेत हुता, हळूहळू, एकेक. तिनं तोंड फिरवलं.

"फिरवू नको," म्या म्हनलं. "बघ."

तिनं बघितलं. म्या बी बघितलं. तो हलायचा थांबला, मंग म्या दुसऱ्या दगडाला हात घातला.